आरशातली दुपार

टक्.

कपड्यांचा चिमटा फरशीवर पडला आणि सूनबाईने डोळे घट्ट मिटून घेतले. चिंगीला झोपवण्यात अख्खी दुपार खर्ची पडली होती. घर इतकं शांत झालं होतं की नळ गळायलाही कचरत होता. आणि आता हा चिमटा.

एक क्षण काहीच नाही. दुसराही क्षण गेला.

"आईऽऽ, काय पडलं?"

"माझं नशीब," सूनबाई पुटपुटली.

दोरीवरचा नवऱ्याचा शर्ट हँगरसकट समोर धरून तिने सवयीने उजवा हात खिशात घातला. धुण्याआधी खिसे तपासायचे असतात, हे तिला नेहमी कपडे वाळल्यावर आठवायचं. आत कसल्याशा तिकिटाचा लगदा होता. तिने तो खिडकीतून भिरकावला, तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक मुलगी उभी होती. नाकावर तीळच तीळ, कानाच्या पाळीला निळा रंग लागलेला, काखेत चित्रांची जाड वही.

"खासगी तपास इथेच ना? वर पाटी आहे, पण दाराला कुलूप."

"पाटी वर आहे. बाई इथे आहेत," सूनबाई म्हणाली. "चहा इथे होतो ना, म्हणून."

स्वयंपाकघरात आत्याबाई मटार सोलत बसल्या होत्या. या सूनबाईच्या नवऱ्याच्या आत्या. खोट्या सह्या ओळखण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर लोक आपापली कोडी घेऊन येऊ लागले, तेव्हा त्यांनी दाराला पाटी लावून टाकली. सूनबाई त्यांच्यासोबत जायची. घरातून बाहेर पडायला तेवढंच निमित्त. कडेवर चिंगी, खांद्याला पाण्याची बाटली आणि डोक्यात उद्याच्या भाजीचा विचार, अशा अवस्थेत तिच्या हातून आजवर एकही गुन्हेगार सुटला नव्हता. एकही पकडला गेला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

"बस," आत्याबाई म्हणाल्या. "आधी मटार सोल. हात चालला की तोंड चालतं."

मुलगी बसली. कलाशाळेत शिकत होती. तिळांमुळे तिला सगळे ठिपकी म्हणायचे.

"उद्या संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन आहे," ती म्हणाली. "त्यात मी सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागायची. नाहीतर शाळेतून नाव कमी."

"कशाची माफी?"

"सरांचं चित्र चोरल्याची."

"चोरलंस?"

"नाही."

"मग माफी मागणार?"

ठिपकीने मटाराची शेंग अशी फोडली की दाणे ताटाबाहेर उडाले. "मेले तरी नाही."

"बरं. उडालेले उचल आणि पहिल्यापासून सांग."

सर म्हणजे शहरातले सगळ्यात नावाजलेले जलरंगाचे चित्रकार. ते दार लावून रंगवू लागण्याआधी सुट्टीच्या दिवशी ठिपकीला आपल्या चित्रशाळेत बसू द्यायचे. शिकवायचे असं नाही. ते रंगवायचे, ही बघायची. कागद कधी ओला करायचा, कधी नुसतं थांबायचं, पांढरा रंग न वापरता कागदच कोरा कसा ठेवायचा, हे सगळं तिने बघून बघून उचललं. सरांची आणखी एक पद्धत होती. ते समोरची वस्तू सरळ बघायचे नाहीत. आरसा लावायचे, तिच्याकडे पाठ करायचे आणि आरशात दिसेल ते काढायचे.

"ते म्हणायचे, रोजचं घर डोळ्यांना दिसेनासं होतं. आरशात ते परक्याचं वाटतं, म्हणून दिसतं," ठिपकी म्हणाली. "मी घरी तसंच केलं. आमचं स्वयंपाकघर काढलं. चित्राचं नाव 'दुपार'. सरांना दाखवायला घेऊन गेले तर त्यांची तब्येत बरी नव्हती. उपसर म्हणाले, ठेवून जा."

"उपसर कोण?"

"सरांचे जुने शिष्य. सर शिंकले तर हे रुमाल पुढे करतात. उपसरपंच असतो ना, तसे आमचे उपसर." ती हसली नाही. "बऱ्याच दिवसांनी चित्र परत मिळालं. मी ते प्रदर्शनात दिलं. आणि बघते तर पाहुण्या चित्रकारांच्या भिंतीवर तेच चित्र. सहीच्या जागी सरांचा शिक्का असलेलं."

"तुझं आधीचं, हे कुणी पाहिलेलं?"

"उपसरांनी. ते म्हणतात, पाहिलंच नाही. मी म्हणे सरांचं चित्र चित्रशाळेत बघून घरी जाऊन उतरवलं."

"आणि सर काय म्हणतात?"

इतका वेळ ताठ असलेली ठिपकीची मान पहिल्यांदा खाली गेली. "आरशाचं विचारलं तर म्हणाले, मला आठवत नाही."

चिंगी एव्हाना उठून दारात आली होती. तिने ठिपकीच्या कानाकडे बोट दाखवलं. "तुझा कान निळा का?"

"धुवायला वेळ नाही मिळाला गं."

"मला पण नाही मिळत," चिंगी समजूतदारपणे म्हणाली.

* * *

कलाशाळेच्या दालनात प्राचार्यांनी दोन्ही चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" ते म्हणाले. "तुम्हीच बघा. आणि या कोण?"

"माझा उजवा हात," आत्याबाई म्हणाल्या.

सूनबाईने कडेवरच्या चिंगीला सावरत शक्य तितकं महत्त्वाचं दिसायचा प्रयत्न केला.

चित्रं खरंच जुळी होती. मध्ये भांडी घासायचं बेसिन. त्याच्या डावीकडे खिडकी. खिडकीत हँगरला अडकवलेला पुरुषाचा निळसर शर्ट, कॉलर वर, पुढची बाजू आपल्याकडे. उन्हात त्याच्या बाह्या आरपार दिसत होत्या. रिकामी दुपार आणि तो शर्ट, बस. पण सूनबाई बघतच राहिली. घरातली सगळी कामं आटोपल्यावर जी अर्धी घटका मिळते, ती कुणीतरी कागदावर धरून ठेवली होती.

ती जवळ गेली. उजवा हात आपोआप वर उठला, हवेत थबकला आणि खाली आला. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरी गॅस चालू राहिलाय का, अशी शंका येते ना, तसं. पण तेवढ्यात चिंगी खाली उतरायला वळवळू लागली आणि ते गेलं.

आत्याबाई चित्राकडे बघत नव्हत्या. त्या सूनबाईच्या हाताकडे बघत होत्या.

"यात चोरी ओळखलीत कशी?" त्यांनी विचारलं.

"सोपं आहे," प्राचार्य म्हणाले. "मी सरांच्या घरी कित्येकदा जेवलोय. त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकी बेसिनच्या डावीकडे आहे, चित्रात आहे तशी. या मुलीच्या घरी ती उजवीकडे आहे. तिच्या वर्गातल्या मुली सांगतात. म्हणजे घर कुणाचं? सरांचं. विचारलं तर म्हणते, आरशात बघून काढलं! उद्या म्हणेल, डोळे मिटून काढलं."

"मिटून काढलं असतं तरी तुमच्यापेक्षा जास्त दिसलं असतं," ठिपकी म्हणाली.

"बघितलंत? हा उद्धटपणा!"

"पाहिला," आत्याबाई म्हणाल्या. "रंग पक्का आहे."

* * *

ठिपकीचं घर वाटेतच होतं. स्वयंपाकघर एवढंसं की तिघी उभ्या राहिल्या तर चौथीने श्वास घ्यायला बाहेर जावं. बेसिन, उजवीकडे खिडकी. गजाला हँगर आणि त्यावर ठिपकीच्या वडिलांचा कामावरचा शर्ट. ते वीजदुरुस्ती करायचे. समोरच्या दाराच्या पाठीला आरसा ठोकलेला होता.

"इथे उभी राहायचे," ठिपकीने दाखवलं. "खिडकीकडे पाठ, तोंड आरशाकडे."

सूनबाईने जाता जाता शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक टेस्टर बाहेर काढला.

"हा राहिला होता बघ. धुण्यात गेला असता."

"बाबा सकाळपासून शोधताहेत!" ठिपकी म्हणाली.

आत्याबाईंनी टेस्टरकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं, आरशाकडे बघितलं. मग त्या इतक्या गोड हसल्या की सूनबाईला काळजीच वाटली. आत्याबाई अशा हसल्या की कुणाची तरी गच्छंती ठरलेली असायची.

"काय झालं, आत्या?"

"काही नाही गं. तू आपली खिसे तपासत राहा."

* * *

सरांच्या घरी दार त्यांच्या मुलीने उघडलं. कपाळावर आठ्या, हातात औषधाची बाटली.

"बाबांना त्रास देऊ नका. आधीच त्या मुलीने कमी दिलाय का? लेकीसारखं वागवलं तिला."

"स्वयंपाकघर बघू?" आत्याबाई म्हणाल्या.

"बघा ना! डावीकडेच आहे खिडकी." तिने हात धरून नेलं. खिडकी खरोखरच बेसिनच्या डावीकडे होती. "झालं समाधान?"

"तुम्ही रंगवता?"

"मी? मला सरळ रेघ येत नाही. बाबा रंगवतात, रोज, दार लावून. आत फक्त उपसर असतात, पाणी बदलायला, ब्रश धुवायला. आम्हाला चित्र पूर्ण झाल्यावरच दिसतं."

"शिक्का कुणाकडे असतो?"

"चित्रशाळेतच, टेबलावर. लपवायचाय कशाला?"

चित्रशाळा मागच्या खोलीत होती. सर खिडकीशी खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल. शेजारी उपसर उभे. केस सरांसारखे मागे वळवलेले, चष्मा सरांसारखा कपाळावर चढवलेला. मुलीने चहा आणला. सरांचा कप अर्धाच भरलेला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, तरी बशीत किणकिण झाली. मुलगी पटकन दुसरीकडे बघू लागली.

"ती मुलगी म्हणते, सर आरशात बघून चित्र काढतात," आत्याबाई म्हणाल्या.

उपसर मोठ्याने हसले. "आरशात बघून चित्र काढतात की भांग पाडतात? अहो, हे सगळं तिने रचलंय. सरांच्या हाताखाली मी एवढी वर्षं काढली. असलं काही नाही."

"सर?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "मला आठवत नाही."

तेवढ्यात कोपऱ्यातून चिंगीचा आवाज आला. "आई! इथे भिंतीत एक मुलगी आहे!"

सगळे वळले. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक उंच चौकट होती. चिंगीने ती एका बाजूने ओढून मागे डोकावलं होतं. सूनबाईने धावत जाऊन चौकट सावरली. तो आरसा होता. काचेवर धुळीचा थर. लाकडावर मात्र रंगाचे वाळलेले शिंतोडे, निळे, तपकिरी, जुने, एकावर एक.

"अरेच्चा," आत्याबाई म्हणाल्या. "भांग पाडताना फारच रंग उडालेला दिसतो."

उपसरांचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. "ते जुनं खूळ होतं सरांचं. कधीकाळचं. मला कधीच पटलं नाही. आरसा म्हणजे कच्च्या हाताची कुबडी. मी सरळ समोर बघतो आणि काढतो."

"तुम्ही?"

"म्हणजे, माझी स्वतःची चित्रं."

"ती कुठे बघायला मिळतील?"

उपसरांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसायला घेतला. सर चिंगीकडे बघत होते. खूप हळू, जणू शब्द जड आहेत, असं ते म्हणाले, "बाळ, तो परत फिरवून ठेव."

"का? तिला भिंतच दिसेल मग."

सरांच्या कपाची किणकिण वाढली. सूनबाईने चिंगीला उचललं आणि आरसा फिरवून ठेवला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आत्या, आरसा सापडला. आता तर सिद्ध झालं ना?"

"काय सिद्ध झालं? सरांकडे आरसा आहे, एवढंच. उद्या तेच म्हणतील, बरोबर, सरांनीच आरशात बघून काढलं. मग?"

सूनबाईने चिंगीला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिला नेहमी असंच व्हायचं. धागा हातात आलाय असं वाटावं आणि बघावं तर आपल्याच साडीचा.

"दालनात त्या चित्रासमोर तुझा हात वर का गेला होता?" आत्याबाईंनी विचारलं.

"माझा? नाही बाई."

"गेला होता. आणि वाटेत थांबला. आज घरी जाऊन कपड्यांच्या घड्या घालताना त्याला विचार, का थांबलास म्हणून."

* * *

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दालन भरलं होतं. पुढच्या खुर्चीत सर, बाजूला मुलगी, मागे उपसर. ठिपकीचे आईवडील भिंतीला चिकटून उभे होते. तिची आई पदराच्या टोकाला पीळ घालत होती. येताना बाप मुलीला एवढंच म्हणाला होता, "तू केलं नसशील तर वाकू नकोस. नाव कमी झालं तर होऊ दे. दुसरी शाळा बघू, नाहीतर तारा ओढायला ये माझ्यासोबत."

प्राचार्यांनी घसा साफ केला. "आमच्या एका विद्यार्थिनीला काही सांगायचं आहे."

ठिपकी पुढे आली. कान आजही निळा होता.

"हो, सांगायचंय. मी सरांचं बघून शिकले. पाणी सोडायला, थांबायला, कोरं ठेवायला. ते लपवायचं काय? बोलायलाही मी आईचं ऐकूनच शिकले, म्हणून माझं बोलणं आईचं होत नाही. चित्र माझं आहे. माफी मिळणार नाही."

कुजबुज उठली. प्राचार्यांच्या मानेपर्यंत लाली चढली. "ठीक आहे! मग तुझं नाव…"

"थांबा," आत्याबाई उठल्या. "नाव कमी करण्याआधी थोडा हिशेब करू. काल तुम्ही म्हणालात, हातच्या काकणाला आरसा कशाला. इथे लागणार आहे. सूनबाई, ये पुढे."

सूनबाईने चिंगीला ठिपकीच्या आईकडे दिलं आणि ती पुढे गेली. आत्याबाईंनी पिशवीतून हँगरला लावलेला एक साधा शर्ट काढला आणि तिच्यासमोर धरला.

"खिसा तपास."

सूनबाईचा उजवा हात सरळ पुढे गेला आणि खिशात शिरला.

"आता तो तपास." आत्याबाईंनी सरांच्या शिक्क्याच्या चित्राकडे बोट केलं.

सूनबाई चित्रातल्या शर्टासमोर उभी राहिली. उजवा हात उठला, सरळ पुढे गेला आणि कोऱ्या कापडासमोर थांबला. तिथे खिसा नव्हताच. खिसा दुसऱ्या बाजूला होता.

"अगंबाई!" ती इतक्या जोरात म्हणाली की मागचे लोक हसले. रात्रभर तिचा हात तिला जे सांगत होता ते आत्ता कुठे डोक्यात पोचलं. "हा उलटा आहे!"

"शर्टाचा खिसा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो," आत्याबाई म्हणाल्या. "शर्ट समोर टांगला की तो बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येतो. चित्रात तो डाव्या हाताला आहे. कॉलर वर आहे, म्हणजे शर्ट उलटा लोंबत नाही. खिसा दिसतोय, म्हणजे शर्ट आतली बाजू बाहेर करून टांगलेला नाही. मग एकच उरतं. शर्ट आरशात पाहिलेला आहे."

"काही शर्टांना खिसा उजवीकडे असतो," उपसर म्हणाले.

"असेल. पण बटणपट्टीही उलटी आहे."

"तर मग बायकी शर्ट असेल! बायकांची बटणं उलट्या बाजूला असतात."

"बायकांच्या कपड्याला खिसा?" सूनबाईच्या तोंडून निघून गेलं. "कुठल्या दुकानात हो? पत्ता द्या!"

दालनातल्या सगळ्या बायका एकदम हसल्या. सरांची मुलगीसुद्धा.

"पण यातून सरांचं चित्र खोटं कसं ठरतं?" प्राचार्य म्हणाले. "सरांनीच आरशात बघून काढलं असेल."

"हाच प्रश्न हवा होता. आता खिडकीकडे या. सरांच्या घरी खिडकी डावीकडे. सरांनी सरळ बघून काढलं असतं तर खिडकी डावीकडे आली असती, पण खिसा उजव्या हाताला. आरशात बघून काढलं असतं तर खिसा डाव्या हाताला आला असता, पण खिडकी उजवीकडे गेली असती. खिडकीही डावीकडे आणि खिसाही डाव्या हाताला, असं सरांच्या स्वयंपाकघरात कुठूनही, कसंही बघितलं तरी दिसत नाही. ते दिसतं फक्त अशा घरात जिथे खिडकी उजवीकडे आहे आणि चित्र काढणारी आरशात बघतेय."

 लोक बोटांनी हवेत खिडक्या आणि खिसे मांडून बघू लागले.

"हिच्या घरची खिडकी उजवीकडे," आत्याबाई म्हणाल्या, "हा तुमचाच पुरावा होता, प्राचार्य. तिला दोषी ठरवायला तुम्ही आणलात, मी फक्त फिरवून ठेवला."

"मला कसं नाही दिसलं हे?" ठिपकी पुटपुटली.

"आरशाची इतकी सवय झाली तुला की उलटं उलटं वाटेना. आता दुसरं. मग हे जुळं कुणी काढलं? सरांसारखं रंगवणं तिघांनाच येतं. सर, ही आणि उपसर. हिने स्वतःचं चित्र दुसऱ्यांदा काढून त्यावर सरांचा शिक्का मारून काय मिळवलं असतं? राहिले दोघं. सर, माफ करा, पण कालचा कप अर्धाच भरलेला होता. या शर्टाची शिवण केसाएवढी बारीक आहे. आणि शिवाय सरांनी ही चूक केलीच नसती. ज्याने आयुष्यभर आरशात पाहिलं त्याला आरशातला शर्ट लांबूनही ओळखू येतो. चूक त्याची, ज्याने आरशाला कधी हात लावला नाही. ज्याला ती कुबडी वाटली. त्याच्या हाती हिचं चित्र आलं, खिडकी डावीकडे दिसली, सरांच्या स्वयंपाकघरासारखीच, आणि त्याला वाटलं, देव पावला."

 उपसरांचा आवाज एकदम फुटला.

"हो! काढलं मी! आधीचीही मीच काढली. सरांचे हात गेल्यापासून भिंतीवर जे जे लागलं ते माझं होतं. कुणी विचारलं मला? 'वा सर', 'वा सर'. या वेळी काहीच सुचत नव्हतं, प्रदर्शनाची तारीख आलेली. आणि ही पोर असं काहीतरी काढून आणते…" त्यांनी ठिपकीच्या चित्राकडे बोट केलं. "मला कधीच असं सुचलं नाही."

"वाईट वाटतं," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांच्या आवाजात खरंच ते होतं. "पण नाव हवं होतं तर स्वतःच्या नावाने एक तरी वाईट चित्र काढायचं होतं. तिने तेवढं धाडस केलं."

ठिपकी उपसरांकडे बघत नव्हती. ती सरांकडे बघत होती. "तुम्हाला माहीत होतं."

सर उठले. मुलीने आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला. चित्रापर्यंत जायला त्यांना वेळ लागला.

"पहिल्याच नजरेत," ते म्हणाले. "तो खिसा बघितला आणि कळलं. म्हणून आरसा भिंतीकडे केला. 'हे माझं नाही' म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग तुमचं कोणतं? बऱ्याच दिवसांत माझं काहीच नाही." त्यांचे हात उघड्यावर थरथरत होते आणि या वेळी त्यांनी ते लपवले नाहीत. "पोरी, माफी मी मागायची."

प्राचार्य लगबगीने पुढे आले. "झालं गेलं गंगेला… मी म्हणतो, दोन्ही चित्रं उतरवू या. शाळेची शोभा नको. आणि हिचं नाव अर्थातच राहील."

"नाही," ठिपकी म्हणाली.

"आता काय नाही?"

"चित्र उतरणार नाही. दोन्ही राहतील, शेजारी शेजारी. त्याच्याखाली उपसरांचं नाव लिहा, माझ्याखाली माझं. आणि मधे सरांचा आरसा लावा. ज्याला शंका असेल त्याने त्यात बघावं."

"हे काय दालन आहे की न्हाव्याचं दुकान!"

"आरसा मी पाठवतो," सर म्हणाले. "धूळ पुसून."

ठिपकीने सरांची माफी घेतली की नाही, ते सूनबाईला कळलं नाही. तिला एवढंच दिसलं की ती त्यांच्याजवळ गेली, त्यांची खुर्ची ओढून अशी ठेवली की त्यांना तिचं चित्र नीट दिसेल, आणि बाजूला उभी राहिली. वाकली मात्र नाही.

* * *

घरी आल्यावर सूनबाईने कपड्यांचा ढीग जमिनीवर घेतला. आत्याबाई चहाची वाट बघत होत्या आणि तसं न म्हणता भांडी वाजवत होत्या.

चिंगीने बाबाचा शर्ट ओढून घेतला, बाह्या आत दुमडल्या, हनुवटीखाली कॉलर धरली, आणि जीभ बाहेर काढून घडी घातली. हुबेहूब आईसारखी, हनुवटीसकट. घडी एका बाजूला फुगली होती.

"तुझ्यासारखी घातली," ती म्हणाली. "पण घडी माझी. हो ना?"

"तुझीच."

"ठिपकीताई आजोबांसारखं रंगवते, पण चित्र तिचं."

"हो."

"आत्याआजी चोर पकडते, ते तिचं."

"चहा तेवढा दुसऱ्याचा," आतून आवाज आला.

चिंगी घड्यांच्या चळती लावत होती. ही बाबाची, ही माझी, ही आत्याआजीची. मग तिने मान वर करून आईकडे पाहिलं, खरोखर उत्तर हवं असल्यासारखं.

"आणि आई, तू दिवसभर इतकं करतेस, त्यातलं तुझं कोणतं?"